महागडी दुनळी: पैसा कुठे मुरतो आणि तो कसा तपासायचा

लंडनच्या पर्डी या बंदूक घडवणाऱ्या पेढीची नवी साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी नळ्यांची) दुनळी घ्यायची तर एक लाख पौंडांहून जास्त मोजावे लागतात, आणि बंदूक हातात पडायला दीड-दोन वर्षे जातात. इटलीच्या बेरेटाची ६८६ मालिकेतली बारा बोअरची बंदूक दोन-तीन हजार पौंडांत मिळते. काडतूस तेच घातले तर दोन्हींतून छर्रे सारख्याच वेगाने जातात, आणि ३५ मीटरवरच्या मातीच्या तबकडीला कोणत्या बंदुकीचा बार लागला हे कळत नाही.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. बेरेटाच्या त्या पातळीपर्यंतचा जवळजवळ सगळा पैसा बंदुकीच्या कामात उतरतो: सुरक्षित नळ्या, घट्ट जोड, भरवशाचे लॉक (घोडा आणि चाप यांचे यंत्र). त्याच्या चार-पाच पटींपर्यंतचा पैसा वर्षाला हजारो बार काढणाऱ्या नेमबाजाला वसूल होतो. त्यापुढे पैसा हाताच्या कामाला जातो. हलके वजन, हातात जिवंत वाटणारा तोल, शंभर वर्षांनीही उघडून दुरुस्त करता येईल अशी बांधणी हे सगळे त्यात येते. तो पैसा खोटा नाही, मात्र त्याने नेम सुधारत नाही. सगळ्यात वरच्या थरावर नाव, नक्षी आणि लाकूड यांचे पैसे असतात.

भारतात या प्रश्नाला वेगळे वळण आहे. सामान्य परवानाधारकाला परदेशातून नवी बंदूक आणणे १९८० च्या दशकापासून जवळपास बंद आहे. सवलत आहे ती मुख्यतः नामवंत नेमबाजांना. त्यामुळे उंची बंदूक आपल्यासमोर येते ती बहुधा जुनी: आजोबांच्या परवान्यावरची, संस्थानिकांच्या घरातून बाहेर पडलेली किंवा विक्रेत्याकडे ठेवलेली. तिच्यात मूळची कारागिरी किती उरली आहे हे तपासायची रीत खाली दिली आहे. नव्या बंदुकीलाही यातले बहुतेक लागू पडते.

बरोबर काय न्यायचे

दोन स्नॅप कॅप (घोडा मोकळा आपटू नये म्हणून चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, घालायची खोटी काडतुसे), छोटा टॉर्च, दहापट मोठे दाखवणारे भिंग, व्हर्नियर आणि सिगारेटच्या कागदाच्या दोन-चार पट्ट्या. नळीच्या भिंतीची जाडी मोजायचा गेज चांगल्या कारागिराकडे असतो. व्यवहार मोठा असेल तर बंदूक त्याच्याकडे नेऊन मोजून घ्यावीच. स्क्रू-ड्रायव्हर बरोबर नेऊ नये. अशा बंदुकीच्या स्क्रूच्या खाचा फार अरुंद असतात आणि कारागीर प्रत्येक खाचेपुरते पाते घासून घेतो. बाजारातले पाते एकदा घसरले की खाच कायमची फाटते.

बंदूक हातात आली की आधी उघडायची, दोन्ही चेंबर डोळ्यांनी पाहायचे आणि बोट घालून रिकामे असल्याची खात्री करायची. मग पुढचे लाकूड, म्हणजे फोर-एंड, काढायचे आणि नळ्या उतरवायच्या. नळ्या, फोर-एंड आणि अॅक्शन (नळ्या जिला जोडतात तो, लॉक धरणारा पोलादी भाग) या तिन्ही भागांवरचे क्रमांक जुळतात का ते पाहा. नळ्यांवर एक आणि अॅक्शनवर दुसरा क्रमांक असेल तर त्या नळ्या दुसऱ्या बंदुकीच्या आहेत. जोडीच्या बंदुकांवर १ आणि २ असे आकडे, बहुधा सोन्यात, घातलेले असतात. जोडीतली एकटी बंदूक कामाला तितकीच चांगली असते, पण किमतीत मार खाते.

नळ्या

जुन्या दुनळीची खरी किंमत नळ्यांत असते. दस्ता नवा बसवता येतो, स्प्रिंग नवी करता येते, सैल जोड घट्ट करता येतो. पातळ झालेल्या नळीला जाडी परत येत नाही.

नळी पातळ होते कशी? गंजाचे खड्डे घालवायला आतून घासली जाते. पोचा काढल्यावर त्या जागी बाहेरून कानस फिरते. दरवेळी नवे काळे करण्याआधी (गंज रोखणारा काळा थर चढवण्याआधी) पॉलिश होते. प्रत्येक वेळी थोडेच जाते, पण शंभर वर्षांत हे चार-पाचदा झालेले असते. म्हणून शंभर वर्षांची बंदूक आतून आरशासारखी लखलखत असेल तर आनंद मानण्याआधी जाडी मोजा. दोन-चार बारीक खड्डे असलेली, पण जाड भिंतीची नळी त्यापेक्षा कितीतरी चांगली.

नव्या उत्तम बारा बोअर नळीची सर्वांत पातळ जागा साधारण ०.०३० इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर असते. इंग्लंडच्या धंद्यात ०.०२० इंच (अर्धा मिलिमीटर) ही खालची हद्द मानतात. दर दोन इंचांवर, चारही बाजूंनी, दोन्ही नळ्यांचे माप घ्या. पातळ जागा कुठे आहे यावर बरेच अवलंबून असते. तोंडाकडच्या तिसऱ्या भागात ०.०२० चालून जाते. चेंबरपासून पहिल्या नऊ इंचांत भिंत नेहमीपेक्षा पातळ सापडली तर ती बंदूक घेऊ नये, कारण दाब तिथेच सर्वांत जास्त असतो.

यानंतर नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूवरचे प्रूफचे शिक्के वाचा. लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद १६३७ ची, बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ चे. तिथे नेहमीपेक्षा बराच जास्त दाब देणारी काडतुसे उडवून नळी तपासतात आणि मगच शिक्का मारतात. बारा बोअरचा नाममात्र व्यास ०.७२९ इंच (१८.५ मिमी). जुन्या इंग्रजी नळीवर ठोकलेला व्यास आणि आजचा व्यास यांत ०.०१० इंचांहून जास्त फरक पडला असेल तर नळी 'आउट ऑफ प्रूफ' झाली. नव्याने प्रूफ केल्याशिवाय ती ब्रिटनमध्ये विकताच येत नाही. आपल्याकडे कोणी अडवत नाही, म्हणून हे माप आपणच घ्यायचे. इटालियन नळीवर छोट्या चौकटीत अक्षरे असतात, ती प्रूफचे साल सांगतात.

शिक्क्यांत आणखी दोन गोष्टी शोधायच्या. पहिली, नायट्रो प्रूफ, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठीची चाचणी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या डमास्कस नळ्यांवर सुंदर लाटा दिसतात, पण त्यांतल्या बऱ्याच फक्त काळ्या दारूसाठी प्रूफ झालेल्या आहेत. नायट्रोचा शिक्का नसलेली नळी भिंतीवर शोभते, तिच्यात आजचे काडतूस घालू नये. दुसरी, चेंबरची लांबी. जुन्या इंग्रजी बंदुकीचे चेंबर बहुधा अडीच इंचांचे, म्हणजे ६५ मिमीचे असते. काडतुसाच्या डबीवरची लांबी उडवल्यानंतरची असते. ७० मिमीचे काडतूस न उडवलेल्या स्थितीत लहान असल्यामुळे ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसते आणि फसवते. बार होताना त्याचे दुमडलेले तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडते, वाट अडते आणि दाब वाढतो. खडकीच्या कारखान्याचे काडतूस असो वा आयात केलेले, डबीवरची लांबी वाचल्याशिवाय जुन्या बंदुकीत घालू नका.

पोचे पाहायला नळी खिडकीच्या चौकटीकडे रोखून आत बघा. चौकटीच्या सावलीची सरळ रेघ नळीभर धावते. नळी हळूहळू फिरवली की पोच्याच्या जागी रेघ मोडते. सावली अंगठीसारखी गोल दिसली तर तो फुगवटा: कधीतरी नळीत चिखल किंवा कापडाचा बोळा अडकलेला असताना बार झाला आहे. पोचा चांगला कारागीर आतून उचलतो. फुगवट्यात धातू ताणून पातळ झालेला असतो, तो पूर्ववत होत नाही.

दोन नळ्यांमधल्या पट्ट्या, म्हणजे रिब, टिनाच्या डाकाने बसवलेल्या असतात. नळ्या खालच्या आकड्यातून (नळ्या बिजागरीला अडकवणाऱ्या पोलादी भागातून) एका बोटावर लोंबत्या धरा आणि बोटाच्या पेराने ठोका. स्वच्छ, लांबत जाणारा नाद आला पाहिजे. बद्द किंवा झणझणता आवाज आला तर डाक सुटला आहे आणि आत ओल शिरून दोन नळ्यांच्या मधल्या पोकळीत गंज चढला असण्याची शक्यता मोठी आहे. डाक सुटण्याचे एक कारण हकनाक नुकसान करते. गरम कॉस्टिक क्षारांच्या टाकीत बुडवून काळे करण्याची पद्धत एकनळीला आणि रायफलला चालते. दुनळीत तेच क्षार डाक खातात. दुनळी नेहमी सावकाश गंजवून, उकळून, ब्रशने घासून, पुन्हा गंजवून अशीच काळी करायची असते. याला बरेच दिवस लागतात. 'संध्याकाळपर्यंत काळी करून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती दुनळी देऊ नका.

नळ्या जोडण्याच्या पद्धतीत बराच पैसा असतो. उत्तम इंग्रजी कामात प्रत्येक नळी तिच्या खालच्या अर्ध्या आकड्यासकट एकाच पोलादातून घडवतात आणि दोन अर्धे एकमेकांना पितळेच्या डाकाने जोडतात. आकड्याच्या मधोमध उभी बारीक रेघ दिसते, ती या चॉपर लंपची खूण. यामुळे दोन नळ्या अगदी जवळ बसतात आणि वजन कमी राहते. बेरेटाच्या मोनोब्लॉक पद्धतीत मागचा ठोकळा एकसंध असतो आणि नळ्या त्यात बसवलेल्या असतात. चेंबरपुढे नळीभोवती आडवी रेघ दिसते. ताकदीत मोनोब्लॉक जराही उणा नाही. मात्र जुन्या इंग्रजी बंदुकीवर अशी आडवी रेघ दिसली तर ती 'स्लीव्ह' केलेली आहे: जुन्या नळ्या कापून मागच्या तुकड्यात नव्या घातल्या आहेत. चालवायला ती सुरक्षित असू शकते, पण मूळ नळ्यांच्या बंदुकीचे पैसे तिला देऊ नयेत. ब्रिटनमध्ये स्लीव्ह केलेल्या नळ्यांवर तसा शिक्का असतो, तो शोधा.

जोड

इंग्रज अॅक्शनर रॉकेलच्या दिव्याची काजळी पोलादावर धरतो, नळ्या अॅक्शनवर टेकवतो, जिथे काजळी पुसली गेली तिथे कानशीने केसभर घेतो आणि पुन्हा काजळी धरतो. सगळीकडे सारखा स्पर्श होईपर्यंत हे चालते. बंद झालेली बंदूक एकाच ठोकळ्यातून कोरल्यासारखी भासते ती या कामामुळे. आजचे संगणकी यंत्रही फार जवळ पोचते, आणि मधल्या किमतीच्या बंदुका इतक्या सुधारल्या त्याचे हेच कारण आहे.

हा जोड तपासताना फोर-एंड काढलेलाच ठेवा, कारण त्याची स्प्रिंग सैलपणा झाकते. बंदूक बंद करा, दस्ता काखेत घट्ट धरा आणि नळ्या आडव्या, मग उभ्या हलवा. जराही खटखट जाणवली तर जोड झिजला आहे. बंद बंदूक उजेडाकडे धरून नळ्यांचे मागचे तोंड आणि अॅक्शनची भिंत यांच्यात फट दिसते का ते पाहा. सिगारेटच्या कागदाची पट्टी मध्ये ठेवून बंद केल्यावर ती धरली गेली पाहिजे. सहज ओढली गेली तर बंदूक 'ऑफ फेस' आहे. वरची कळ बंद स्थितीत मध्यावर किंवा किंचित उजवीकडे थांबते. ती मध्य ओलांडून डावीकडे गेली असेल तर खिट्टी झिजली आहे.

सैल जोड हे बंदूक नाकारण्याचे कारण होऊ नये, भाव खाली आणण्याचे व्हावे. बिजागरीची पिन मोठी घालून किंवा आकड्याच्या टेकणाऱ्या जागी नवा धातू चढवून आणि बसवून हे काम नीट होते. आकड्याला हातोडीने ठोकून धातू पसरवणे किंवा पत्र्याची चकती घालणे हा जुगाड आहे, शेकडो बारांत तो परत सैल होतो. भिंगातून आकड्यावर ठोकल्याच्या खुणा शोधा.

पर्डीच्या बाबतीत एक अपवाद ध्यानात ठेवावा. फ्रेडरिक बीस्लीच्या १८८० च्या पेटंटवर चालणाऱ्या या लॉकमध्ये मुख्य स्प्रिंगचाच जोर बंदूक उघडायला मदत करतो आणि घोडे चढतात ते बंद करताना. त्यामुळे ही बंदूक आपसूक उघडते आणि बंद करायला जड जाते. हा दोष समजून कोणी 'मोकळी' करायला घेतली तर चांगली बंदूक बिघडते.

लॉक

दोन घराणी आहेत. अॅन्सन आणि डीली यांचे बॉक्सलॉक १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्समध्ये जन्मले: भाग थोडे, सगळे अॅक्शनच्या पोटात. साइडलॉकमध्ये यंत्र दोन बाजूंच्या पट्ट्यांवर बसते, चाप जास्त नाजूक जुळवता येतो, आणि चांगल्या साइडलॉकमध्ये अडवणारा दुसरा सिअर (घोडा धरून ठेवणारा दात) असतो. बंदूक आपटून घोडा सुटला तरी तो घोड्याला मध्येच पकडतो. या दुसऱ्या सिअरचे पैसे आम्ही आनंदाने देऊ. साध्या सुरक्षा-खटक्याने फक्त चाप अडतो, घोडा नाही.

तरीही नुसत्या कामाचा हिशेब केला तर बर्मिंगहॅमचे उत्तम बॉक्सलॉक ही जुन्या बाजारातली सर्वांत न्याय्य खरेदी आहे. नळ्या आणि जोड तितकेच चांगले, बिघडायला भाग कमी, किंमत साइडलॉकच्या काही अंशाने.

फसवणूक होते ती साइडप्लेटमध्ये. बॉक्सलॉकला दोन्ही बाजूंनी शोभेच्या पट्ट्या लावल्या की ती दुरून साइडलॉक दिसते. खऱ्या साइडलॉकच्या पट्टीवर घोडा आणि सिअर यांच्या धुऱ्यांची व स्क्रूंची गोल डोकी दिसतात. शोभेची पट्टी बहुधा कोरी असते, तिच्यावर फक्त नक्षी असते.

चाचणी अशी करा. दोन्ही चेंबरमध्ये स्नॅप कॅप घाला. खटका लावून दोन्ही चाप जोराने ओढा, सोडा, मग खटका हळूच पुढे सारा. काही सुटता कामा नये. इथे घोडा पडला तर सिअर घसरतो आहे आणि ती बंदूक धोकादायक आहे. खटका उघडा ठेवून दस्त्याचे बूड रबराच्या जाड चटईवर बेताने आपटा, तेव्हाही घोडा पडू नये. मग फक्त उजवा चाप ओढा आणि उघडा: उजवीच कॅप उडाली पाहिजे, डावी नुसती वर यावी. शेवटी दोन्ही ओढून उघडा. दोन्ही कॅप एकाच वेळी, साधारण सारख्या अंतरावर पडल्या तर इजेक्टरची (काडतूस बाहेर फेकणाऱ्या यंत्राची) वेळ जुळलेली आहे. हे जुळवणे तासन्‌तासांचे काम आहे आणि लॉकची निगा कशी राखली गेली हे त्यातून लगेच कळते. पुढचा चाप साधारण दीड-पावणेदोन किलोवर सुटावा, मागचा थोडा जास्त.

स्क्रूंकडे पाहा. उत्तम कामात सगळ्या खाचा नळीच्या दिशेने एका रेषेत थांबतात. त्या वाकड्यातिकड्या किंवा फाटलेल्या असतील तर आत कोणीतरी घाईने हात घातला आहे.

दस्ता

अक्रोडाचे चकाकते, धारीदार लाकूड डोळे दिपवते. पाहायचे मात्र मनगट, म्हणजे आपण मुठीत धरतो तो भाग. तिथे लाकडाचे तंतू मुठीतून सरळ मागे गेले पाहिजेत. नक्षीदार धार मागच्या रुंद भागात असावी. ती मनगटात आडवी आली तर दस्ता तिथेच तडकतो. चांगला कारागीर फळी कापतानाच हे ठरवतो आणि फळीचा मोठा भाग सोडून देतो. महाग लाकडाच्या किमतीचे हे मुख्य कारण.

अॅक्शनच्या मागे लाकूड टेकते तिथे काळपट, मऊ झाले आहे का ते नखाने दाबून पाहा. वर्षानुवर्षे लॉकमध्ये ढोसलेले तेल, बंदूक उभी ठेवल्यामुळे, ओघळून लाकडात मुरते. असे लाकूड धक्का सोसत नाही आणि आतून चिरते. उपाय साधा आहे: तेल थेंबाने द्यावे, आणि साफ केल्यावर बंदूक काही दिवस नळ्यांचे तोंड खाली करून ठेवावी.

मापे शेवटी सांगत असलो तरी नेमावर सर्वांत जास्त परिणाम त्यांचाच होतो. साधारण इंग्रजी दस्ता चापापासून बुडापर्यंत साडेचौदा-पावणेपंधरा इंच असतो, रिबच्या रेषेपासून वरची कड दीड इंच आणि टाच सव्वादोन इंच खाली असते, आणि उजव्या खांद्यासाठी बूड किंचित उजवीकडे कललेले असते. साहेबाच्या मापाची पर्डी साडेपाच फुटी माणसाच्या खांद्याला लागत नाही, आणि मग ती कितीही उंची असो, बार चुकतो. दस्ता तापवून वाकवता येतो, कापून लहान करता येतो. पण जुन्या उत्तम दस्त्याला करवत लावली की त्याची किंमत तिथेच उतरते. वाकवून भागत असेल तर कापू नका.

नक्षी

दहापट भिंगाखाली हाताने कोरलेली रेघ तीक्ष्ण, व्ही आकाराची आणि कमी-जास्त खोल दिसते. प्रत्येक वळणावर तिची जाडी बदलते. लेझरच्या किंवा आम्लाच्या रेघेचा तळ सपाट, रवाळ असतो. साच्याने दाबलेली नक्षी दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखी असते. नंतर पॉलिश केलेल्या बंदुकीवर रेघा पुसट होतात, स्क्रूभोवती बशीसारखे खळगे पडतात, प्रूफचे शिक्के अर्धवट दिसतात. 'नव्यासारखी' बंदूक बहुधा अशी निघते, म्हणून मूळचा रंग उडालेली पण कडा धारदार असलेली बंदूक निवडावी. नक्षी आवडली तर तिचे पैसे जरूर द्या, फक्त ते नक्षीचे आहेत हे मनाशी स्पष्ट ठेवा.

कागदावरची परीक्षा

विक्रेता आणि कायदा दोन्ही परवानगी देत असतील तर परवानाप्राप्त रेंजवर ४० यार्डांवरून (३६.६ मीटर) सव्वा मीटर चौरस कागदावर प्रत्येक नळीचे किमान पाच बार काढा. प्रत्येक बाराला नवा कागद. छर्ऱ्यांची सर्वांत दाट जागा मध्य धरून तिच्याभोवती ३० इंच (७६ सेंमी) व्यासाचे वर्तुळ काढा आणि भोके मोजा. पूर्ण चोकला (चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेला आवळ) सुमारे ७० टक्के छर्रे आत हवेत, अर्ध्या चोकला ६०, पाव चोकला ५५, चोक नसलेल्या नळीला ४०. इंग्रजी ६ नंबरच्या ३० ग्रॅम भारात सुमारे २८७ छर्रे असतात. म्हणजे अर्ध्या चोकच्या नळीने १७२ च्या आसपास दाखवले पाहिजेत. एका बारावरून काही ठरवू नका, पाचांची सरासरी घ्या.

आता दोन्ही नळ्यांचे मध्य पाहा. शेजारी बसवलेल्या नळ्या नुसत्या समांतर ठेवून चालत नाहीत. धक्क्याने बंदूक बाजूला वळते, म्हणून त्या पुढे जवळ येतील अशा बसवतात. दोन्हींचे मध्य जवळजवळ एकत्र आले पाहिजेत. एक नळी वीतभर बाजूला मारत असेल तर नळ्या जोडतानाच चूक झाली आहे, आणि ती दुरुस्त करायची तर डाक उकलून सगळे नव्याने करावे लागते. नक्षीवर लाखो खर्चलेली बंदूक इथे नापास झाली तर सोडून द्यावी.

वजनाचा हिशेबही याच वेळी करा. जुना इंग्रजी नियम सांगतो की बंदुकीचे वजन छर्ऱ्यांच्या भाराच्या ९६ पट असावे. २८ ग्रॅमच्या भाराला सुमारे २.७ किलो, ३० ग्रॅमला २.९. त्याहून हलकी बंदूक खांदा दुखवते.

नेमबाजाला किती महाग परवडते

ऑलिम्पिक ट्रॅपमध्ये, म्हणजे उडत्या तबकड्यांच्या नेमबाजीत, १२५ तबकड्या असतात, भार २४ ग्रॅमचा, आणि सरावात एका दिवसात शंभर-दोनशे बार सहज होतात. तिथे पावणेतीन किलोची नाजूक लंडन-दुनळी निरुपयोगी आहे. हवी साडेतीन ते चार किलोची, ३० ते ३२ इंच नळ्यांची ओव्हर-अंडर (एकावर एक नळ्या असलेली). पेराझीची एमएक्स ८ ही बंदूक १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकसाठी घडली. टोकियोत १९६४ मध्ये ट्रॅपचे सुवर्ण जिंकलेला एन्नियो मात्तारेल्ली तिच्या रचनेत होता. चापाचा पूर्ण संच कळ दाबून बाहेर निघतो. स्पर्धेत स्प्रिंग मोडली तर दुसरा संच घालून पुढची तबकडी मारता येते. दहा हजार पौंडांच्या आसपासच्या किमतीत पैसा जातो तो या सोयीला, मापाने घेतलेल्या दस्त्याला आणि लाख बारांनंतरही बदलता येणाऱ्या झिजेच्या भागांना. बेरेटाच्या ६८० मालिकेतही बिजागरीचे खुंट बदलता येतात, ही तिची मोठी जमेची बाजू. वर्षाला दोन हजारांहून कमी बार काढणाऱ्याने ६८६ किंवा वापरलेली ६८२ घ्यावी आणि उरलेले पैसे काडतुसांत व प्रशिक्षणात घालावेत. तबकड्या त्यानेच जास्त फुटतात.

नाव

रिबवरचे नाव नेहमीच घडवणाऱ्याचे नसते. कलकत्त्याच्या मँटन, रॉडा, लायन अँड लायन या पेढ्यांच्या नावाने, तसेच आर्मी अँड नेव्ही या दुकानाच्या नावाने (मुंबईत काळा घोड्याजवळची त्यांची इमारत आजही उभी आहे) विकलेल्या बऱ्याच बंदुका बर्मिंगहॅममध्ये घडल्या. त्यांतल्या काही फार चांगल्या आहेत आणि नाव लहान म्हणून स्वस्त मिळतात. उलट, मोठे नाव नंतर कोरलेलेही सापडते. पर्डी आणि हॉलंड अँड हॉलंड यांच्या जुन्या वह्या शाबूत आहेत; क्रमांक कळवला तर शुल्क घेऊन मूळ नोंद सांगतात. तिथे नळीची लांबी, चोक आणि वजन यांची नोंद असते, म्हणून बंदूक कापली किंवा बदलली आहे का तेही कळते. हॉलंडच्या जुन्या बंदुकीच्या तोंडाशी शेवटच्या काही इंचांत आटे (गोळीला फिरवणाऱ्या पिळाच्या खाचा) दिसले तर चोक खराब झाला असे समजून घासू नका. ती पॅराडॉक्स असू शकते: कर्नल फॉस्बरीच्या १८८५ च्या पेटंटवरची, छर्रे आणि गोळी दोन्ही मारणारी, हिंदुस्थानच्या जंगलांसाठी खूप खपलेली.

घेतल्यावर

कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात बंदुकीचा पहिला शत्रू तिची स्वतःची चामड्याची पेटी असते. चामडे आणि आतले लोकरी अस्तर ओल धरतात आणि नळ्यांवर पेटीच्या आकाराचा गंज उमटतो. पेटी शोभेला वेगळी ठेवा. बंदूक कोरड्या, कुलूपबंद कपाटात सिलिका जेलसह ठेवा आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला नळ्यांवरून तेलाचा बोळा फिरवा. बोटांच्या घामाचे ठसे त्याच दिवशी पुसा. रिबच्या टोकांना तपकिरी रेघ दिसली तर लगेच कारागिराकडे.

कागदपत्रे बंदुकीआधी पाहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला साधारणतः दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे. वारशाने आलेली बंदूक परवाना होईपर्यंत घरात ठेवता येत नाही. ती पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी, आणि अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, पोलिस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे करावा. जमा करण्याआधी नळ्या आतून-बाहेरून तेलाने माखून घ्या, आणि क्रमांक, प्रूफचे शिक्के, दस्त्यावरच्या खुणा यांचे फोटो काढून ठेवा. ठाण्याच्या खोलीत कधीकधी बंदूक वर्षानुवर्षे पडून राहते, म्हणून मधून मधून अर्ज देऊन ती पाहून, पुसून यावी.